भरल्या पोटाची अंगठी

अबू सिनानचा डोळा गेला, असं सराजीन महल्ल्यात सगळे म्हणायला लागले होते. डोळा गेला म्हणजे तो आंधळा झाला असं नव्हे. पलीकडच्या गच्चीवरच्या कबुतराच्या पायात कुठल्या रंगाचा दोरा आहे, हे त्याला अजून खालून दिसायचं. दिसत नव्हती ती फक्त अंगठी.

बगदादमध्ये रमजान आला की रोजा सुटल्यावर गल्लोगल्ली अंगठीचा खेळ रंगतो. एका महल्ल्याचे लोक रांगा करून मांडी घालून बसतात, सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या, आणि त्यांतल्या एकाच मुठीत अंगठी. दुसऱ्या महल्ल्याचा एकच माणूस उठतो, कुणाला हात न लावता रांगांमधून फिरतो, चेहरे बघतो आणि सांगतो, 'तू, काढ अंगठी.' बरोबर निघालं तर जयजयकार, चुकलं तर समोरच्यांचा ढोल कानाशी येऊन वाजतो.

अबू सिनानचा धंदाच चेहऱ्यांचा. सराईच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या, दाराशी त्याचं फोटोचं दुकान होतं. पासपोर्टसाठी, नोकरीसाठी, लग्नासाठी अर्ध्या बगदादनं त्याच्यासमोर श्वास रोखून धरला होता. माणूस काहीतरी दडवायला लागला की गळ्याची घाटी कशी वर जाते, कानाची पाळी कशी लाल होते, हे त्याला पाठ होतं. भरात होता तेव्हाचे त्याचे पराक्रम ऐकाल तर खरे वाटणार नाहीत. एका वर्षी समोरच्यांनी चेहऱ्यांवर घोंगड्या ओढून घेतल्या, तर त्यानं पायांचे अंगठे बघून अंगठी काढली. एका वर्षी रांग इतकी लांब झाली की गल्लीचं वळण घेऊन पुढे गेली, तर हा वळणाच्या अलीकडेच उभा राहून म्हणाला, 'पलीकडे जो आत्ता खोकला नाही, त्याच्याकडे आहे.' आणि होती.

पण मागची तीन वर्षं शेवटच्या सामन्यात नदीपलीकडच्या नवाईर महल्ल्यानं त्याला धूळ चारली होती. म्हणून यंदा कॉफीखान्यात बसून महल्ल्यानं ठरवून टाकलं, की आणखी एकदा हरला तर पुढच्या रमजानपासून शोधायला त्याचा भाचा मिधत उठेल, आणि अबू सिनान मूठ मिटून रांगेत बसेल. इतरांसारखाच. मिधत औषधाच्या दुकानात कामाला होता, हुशार होता, आणि त्याहून वाईट म्हणजे नम्र होता.

"मामा, मी काही मागितलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाकारलंही नाहीस," अबू सिनान म्हणाला.

तेव्हापासून त्याला चैन पडेना. दुकानात बसला की उठायचा, उठला की बसायचा, हातातली जपमाळ अशी फिरवायचा की दोरा झिजून मणी खाली सांडले. वय झालं हे त्याला मान्य नव्हतं. डोळा दिवसा चालतो आणि संध्याकाळी गेल्यासारखा होतो, हे कसलं वय? मग एका संध्याकाळी, ताटातला शेवटचा दोल्मा, म्हणजे द्राक्षाच्या पानातली भात-खिम्याची गुंडाळी, तोंडात टाकून तो उशीला टेकला आणि शेजाऱ्याचं नाव आठवायला त्याला इतका वेळ लागला की शेजारी निरोप घेऊन गेला. तेव्हा त्याच्या मनात शंका शिरली. हा वयाचा दोष नाही. हा दोल्म्याचा दोष आहे.

त्यानं दुकानातून न नेलेल्या फोटोंचा खोका घरी आणला. लोक फोटो काढतात आणि विसरतात. खोका भरलेला होता. उम्म सिनान, म्हणजे त्याची बायको, मूठभर फोटो सतरंजीवर मांडायची. तो बघायचा, पाठ फिरवायचा, ती एक उचलायची, मग कुठला गेला ते यानं सांगायचं. एका संध्याकाळी खजूर आणि मसुराचं सूप, दुसऱ्या संध्याकाळी रीतसर जेवण, असं आळीपाळीनं चाललं.

सुपाच्या दिवशी तो वळला रे वळला की म्हणायचा, "डाव्या भुवईत टाका पडलेला, उसनी टाय घातलेला, तो."

दोल्म्याच्या दिवशी बराच वेळ बघून म्हणायचा, "तो गेला. मिशीवाला."

"सगळेच मिशीवाले आहेत," उम्म सिनान म्हणायची. "आणि मी अजून उचललाच नाहीये."

आठवडाभर हे चाललं आणि शंका उरली नाही. भरपेट जेवणानंतर अक्कल दुपारच्या मांजरासारखी अंगाचं मुटकुळं करून पडते. हाक मारली तर कान हलवते, उठत नाही.

"म्हणजे माझ्या हातचं खाऊन तुमची अक्कल जाते, असंच ना?" उम्म सिनान म्हणाली.

"जेवणानं नाही. जास्त जेवणानं."

"जास्त कोण वाढतं? मी काय घशात कोंबते?"

"हो."

हे तिला नाकारता येईना, म्हणून तिनं विषय बदलला. "मग सामन्याच्या दिवशी सूप प्या आणि जा. त्यात काय एवढं?"

एवढंच असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण सामन्याच्या आदल्या दिवशी नवाईरचा कप्तान हाजी धारी याचा माणूस दारात आला. हाजीचा मेंढ्यांचा व्यापार. आवाज मोठा, पोट मोठं, आणि मन, त्याच्याच सांगण्यावरून, सगळ्यात मोठं. निरोप असा, की उद्याचा रोजा सराजीनच्या सगळ्या खेळाडूंनी हाजीच्या सुफऱ्यावर, त्याच्या जेवणाच्या चादरीवर, सोडावा आणि मग तिथेच गल्लीत खेळ मांडावा. नाही म्हणालात तर हाजीच्या दाढीला हात घातल्यासारखं होईल.

निरोप्या गेला आणि अबू सिनान दारातच उभा राहिला. मागच्या वर्षी? हाजीकडेच जेवलो होतो. त्याआधी? तिथेच, तेव्हा अख्खं मेंढरू होतं, पोटात भात भरून. त्याच्याही आधी? तश्रीब, मटणाच्या रश्शात भिजवलेल्या रोट्यांचा डोंगर, वर ताकाच्या घागरी. आणि तिन्ही वर्षी नवाईरचे पोरगे वाढायला उभे, कमरेला रुमाल बांधून, 'घ्या काका, अजून एक काका' करत. पाहुण्यांचं आटोपल्याशिवाय यजमानानं जेवायचं नाही, अशी रीत. म्हणजे इकडे सराजीनवाले फुगून बसायचे, आणि तिकडे नवाईरवाले खजूर-पाण्यावर, तरतरीत.

"कोल्हा," तो म्हणाला. "तीन वर्षं मी त्याला दुवा देत होतो."

मिधतला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आजारी पडा. पोट बिघडल्याचं सांगा. मी चिठ्ठी लिहून देतो."

"म्हणतील, भ्याला."

"मग जा, पण थोडंसंच खा."

"हाजी धारीच्या सुफऱ्यावर थोडंसं? तो माणूस स्वतः शेजारी बसून मेंढराचा गाल तोडून तुझ्या पुढ्यात ठेवतो. नको म्हणालास तर तुझ्या बापाचं नाव विचारतो."

"मग मीच सांगतो पोट बिघडलंय म्हणून. मी तर शोधणारा नाही. अजून."

ते 'अजून' अबू सिनानला रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य पुलाच्या खांबाशी टेकला तेव्हा सराजीनवाले ढोल वाजवत नदी ओलांडून गेले. हाजीच्या अंगणात, अंगणाबाहेर आणि गल्लीच्या टोकापर्यंत सुफरे अंथरलेले होते. भाताच्या ढिगांवर मेंढरं अशी निवांत पहुडलेली होती, जणू हाजीनं त्यांची समजूत घालून त्यांना बसवलंय. त्या वासानं पुतळाही गुडघे मोडून बसला असता. नवाईरचे खेळाडू हातात घागरी आणि परातीत रोट्या घेऊन उभे, डोळे मात्र भातावर. तेही सकाळपासून उपाशीच होते.

रेडिओवर रोजा सोडायची तोफ झाली. अबू सिनाननं खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला, आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला.

हाजी लगेच पुढे आला. "अबू सिनान, हात का आखडला? काही कमी आहे?"

"हाजी, माझं एक मागणं आहे. तुम्ही हो म्हणेपर्यंत माझा हात सुफऱ्याला लागणार नाही."

पाहुण्यानं असं म्हटलं की त्या शहरात यजमानाला दोनच वाटा. एक तर हो म्हणायचं, नाहीतर महल्ला सोडायचा. हाजीनं चारचौघांकडे बघून छाती काढली. "मागा. मेंढरं मागा, घर मागा, दिलं. फक्त अंगठी कुठे लपवणार ते विचारू नका."

लोक हसले. अबू सिनान हसला नाही. "तुमचे खेळाडू असे उभे. आम्ही खायचं आणि त्यांनी बघायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. त्यांनी आमच्या मांडीला मांडी लावून बसावं. एकानं एक घास घेतला की दुसऱ्यानं घ्यावा. मीठभाकर एकत्र खाऊ, मग खेळू."

"पाहुण्याआधी यजमान जेवत नाही," हाजी घाईनं म्हणाला.

"आधी कोण म्हणतंय? बरोबर."

"ते मागाहून जेवतील."

"केव्हा? खेळ झाल्यावर?"

कुणाच्या तरी हातातली परात खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरी. नवाईरचा एक आडदांड गडी, शन्शूल त्याचं नाव, कप्तानाच्या हुकमाची वाट न बघताच बसलासुद्धा.

"मान्य," हाजी म्हणाला. दाढ उपटताना माणूस म्हणतो तसं.

त्यानंतर जे झालं ते जेवण नव्हतं, लढाई होती. सराजीनवाल्यानं नवाईरवाल्याच्या पुढ्यात मांडी ठेवायची, नवाईरवाल्यानं उलटी बरगडी ठेवायची. 'तुला माझ्या आईची शपथ.' 'तुला माझ्या दोन्ही आयांची.' भाताचे डोंगर सपाट झाले, दोल्म्याची पातेली पालथी पडली. शन्शूलनं एकट्यानं मेंढराचा मागचा भाग असा संपवला की उरलेल्या अर्ध्याला आपण कुठे निघालो होतो ते आठवेना. वरून ताक. ताकानंतर पुन्हा ताक. अबू सिनानही खात होता. मागणं मान्य झाल्यावर सुटका कुठली? हाजी स्वतः शेजारी बसून त्याला गालाचं मांस भरवत होता, सुडानं भरवत होता. स्वतः हाजीनं मात्र एक खजूर सोडून काही तोंडात घातलं नाही. मागणं खेळाडूंसाठी होतं, कप्तानासाठी नव्हतं. आणि पलीकडे मिधत पोटावर हात धरून, चेहरा पाडून सूप पीत होता.

नमाज झाली, चहा झाला आणि खेळ सुरू झाला. असा खेळ बगदादनं पूर्वी पाहिला नव्हता. नवाईरचा शोधणारा उठला तो भिंतीला धरून उठला, डुलत डुलत फिरला आणि आपल्याच महल्ल्याच्या ढोलवाल्याला म्हणाला, "काढ अंगठी." ढोलवाला जागा असता तर त्याला वाईट वाटलं असतं. अबू सिनाननं पहिल्या फेरीत एका माणसाला मूठ उघडायला सांगितलं, तर त्यानं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, मूठ उघडायची विसरला. बरोबर काय आणि चूक काय हे ठरवायला दोन्हीकडच्या पंचांना एकमेकांना हलवून उठवावं लागत होतं. धडपडत, जांभया देत गुण बरोबरीला आले, आणि शेवटची अंगठी उरली. नवाईरनं लपवायची, अबू सिनाननं शोधायची.

हाजीनं घोंगडी पांघरून रांगांमधून फेरी मारली, मुठींत हात घालत गेला, आणि बाजूला स्टुलावर जाऊन बसला. आता शोधणारा बोलेपर्यंत कप्तानानं बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत.

अबू सिनान उठला. जमीन त्याच्याबरोबर थोडी उठली. दिव्यांच्या माळेखाली नवाईरचे खेळाडू रांगांनी बसले होते, आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखे. ओठ सैल, पापण्या अर्ध्या, गाल ओघळलेले. घाटी वर जात नव्हती, पाळी लाल होत नव्हती. कुणाला भीतीच उरली नव्हती तर दिसणार काय? त्याच्या डोक्यात मेंढीची चरबी थिजल्यासारखी झाली होती. एक विचार उचलायचा तर दुसरा चिकटून यायचा. पहिल्या रांगेतून फिरताना त्याला वाटलं, हा माणूस ओळखीचा आहे. दुसऱ्या रांगेत कळलं, तो पहिल्या रांगेतला होता. तिसऱ्या रांगेत वाटलं, ह्या रांगेतून आपण गेलो का? गेलो असू. तो पुन्हा गेला.

पोटात ताक डचमळत होतं. कॉलर काचत होती. त्यानं बटण काढलं, मग लावलं, मग पुन्हा काढलं. मागे आपल्या महल्ल्याकडे पाहिलं. आधार म्हणून पाहिलं, पण तिकडेही सगळे एकमेकांच्या खांद्यांवर कलंडलेले. एकच चेहरा जागा होता. त्याच्या बहिणीच्या मुलाचा. त्याचं नाव काय? म... मु... नाव आठवेना, पण ते पोर रोखून बघतंय, आणि आपण पडलो की आपल्या जागी हेच उभं राहणार, एवढं मात्र चरबीच्या थरातूनही स्वच्छ दिसलं.

मग त्याला दुसऱ्या रांगेत एकाचे डोळे टक्क उघडे दिसले. कपाळावर घाम, ओठ दाबलेले, श्वास कोंडलेला. सापडला. 'काढ अंगठी' म्हणायला अबू सिनाननं जीभ हलवली, पण जीभ जागेवरून निघून ओठांपर्यंत पोचायच्या आत तो माणूसच म्हणाला, "काका, मला जाऊ द्या हो. कधीचं आवरून धरलंय."

"जा," अबू सिनान म्हणाला. दोन्ही मुठी उघडून दाखवत तो पळाला. मुठी रिकाम्या. जीभ चपळ असती तर सामना तिथेच संपला असता.

आता सबंध रांगांमध्ये जागं म्हणून कुणीच नव्हतं. त्यानं मान वर केली, नुसती वारा घ्यायला, आणि त्याला हाजी दिसला.

हाजी स्टुलावर बसला होता आणि कॅमेऱ्याच्या काचेसमोर बसावं तसा ताठ होता. गळ्याची घाटी वरखाली होत होती. कानाच्या पाळ्या डाळिंबासारख्या. हाताची बोटं मांडीवर अशी चाललेली, की जणू कुणाची तरी मूठ लांबूनच मिटवतोय. आणि नजर एकाच जागी खिळलेली. सोडवू म्हटलं तरी सुटत नव्हती. अख्ख्या गल्लीत वाचता येईल असा तो एकच चेहरा होता, रिकाम्या पोटाचा. अबू सिनाननं त्या नजरेचं टोक धरलं आणि हळूहळू मान वळवली.

शन्शूल. तिसऱ्या रांगेच्या मधोमध, भिंतीसारखा बसलेला, तोंड उघडं, गाढ झोपेत. आणि त्याचा उजवा हात झोपेत सैल पडून मांडीवर उताणा उघडला होता. तळव्याच्या खळग्यात, दिव्याखाली, चमकत, कुणीही यावं आणि उचलावी अशी, अंगठी.

अबू सिनान त्याच्यापाशी गेला. 'काढ' म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं दोन बोटांनी अंगठी उचलली आणि वर धरली. शन्शूलनं ओठ चाटले, उठला नाही.

हाजीचा जो श्वास सुटला त्यानं जवळचा कंदील हलला. मग सराजीनचा ढोलवाला कुणाच्या तरी लाथेनं जागा झाला, झोपेतच वाजवायला लागला, आणि गल्ली उठून उभी राहिली. कोण जिंकलं, काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ढोल आपला आहे म्हणजे आपणच जिंकलो, एवढं सराजीनवाल्यांना कळलं. त्यांनी अबू सिनानला उचलायला घेतलं, वजन बघून अर्ध्यावर खाली ठेवलं.

मिधत गर्दीतून वाट काढत आला. मामाच्या कानाशी वाकून तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुम्ही दोनदा शन्शूलच्या समोरून गेलात. हात तेव्हाही उघडाच होता. एकदा तर त्याच्या पायाला ठेचकाळलात."

अबू सिनानच्या पोटात जेवढं होतं तेवढं सगळं एकदम थंड झालं. "तू पाहिलंस?"

"दुसरं कोण जागं होतं?"

मिधत एक शब्द बोलला असता तर पुढचा रमजान त्याचा होता. मिधतनं ओठ ओले केले, मान खाली घातली, आणि तेवढ्यात हाजी धारी दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्याचे डोळे पाण्यानं भरलेले होते.

"अबू सिनान," तो म्हणाला, "मला एकच सांगा. दोनदा समोरून गेलात आणि उचलली नाहीत. मुद्दाम ना? मला तळमळवायला?"

त्याच्या आवाजात विनवणी होती. घोरणाऱ्या शन्शूलमुळे हरलो, हे घेऊन घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. अबू सिनानसारख्या सैतानाच्या बापामुळे हरलो म्हणायला काही वाटणार नव्हतं. अबू सिनाननं खरं सांगायला तोंड उघडलं. सांगणार होता, खरोखर सांगणार होता. पण सत्य पोटाच्या तळाशी, मेंढराच्या आणि भाताच्या खाली दबलेलं. ते वर यायला वेळ लागत होता.

"मुद्दामच हो हाजी," मिधत म्हणाला. "मामांनी पहिल्याच फेरीत पाहिली होती."

"मी म्हटलंच," हाजी म्हणाला आणि वळून गर्दीला ओरडून सांगायला लागला. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि प्रत्येक तोंडात फेऱ्या वाढत गेल्या.

"असं का केलंस?" अबू सिनाननं विचारलं.

"तुम्ही अंगठीवरून गेलात खरे," मिधत म्हणाला, "पण मी जागा असून, नुसत्या सुपावर असून, सबंध वेळ तुमच्याचकडे बघत होतो. हाजीकडे बघावं हे मला सुचलं नाही." मग थोडं थांबून, "पुढच्या वर्षी मी तुमच्यामागून फिरतो. बोलणार नाही. नुसता बघतो."

अबू सिनाननं मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. एवढ्यात त्याच्या घशाशी ते सत्य एकदाचं येऊन पोचलं आणि तो म्हणाला, "मला दिसलीच नव्हती."

पण तोवर गोष्ट पूल ओलांडून सराजीनमध्ये पोचली होती, आणि तिथे त्यानं शन्शूलसमोरून सात फेऱ्या मारल्या होत्या, त्याही डोळे मिटून.